संस्थानिकांचे तनखे : हिशेब पैशाचा आणि शब्दाचा

२८ डिसेंबर १९७१ रोजी राज्यघटनेची सव्विसावी दुरुस्ती अमलात आली आणि ‘संस्थानिक’ ही घटनेने मान्य केलेली व्यक्ती नाहीशी झाली. संस्थाने त्यापूर्वीच, १९४७ ते १९४९ या काळात, विलीन झाली होती. मागे उरले होते ते तनखे, पदव्या आणि मानमरातब. त्या दिवशी तेही गेले. या घटनेला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला असल्याने आता तरी तिचा विचार शांतपणे व्हावयास हवा. परंतु अजूनही हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एका पक्षाच्या मते ऐतखाऊ राजेरजवाड्यांना पोसण्याचा तो प्रकार होता व तो बंद झाला हे उत्तम झाले. दुसऱ्या पक्षाच्या मते सरदार पटेलांनी दिलेले वचन इंदिरा गांधींनी मोडले आणि राष्ट्राच्या शब्दाला बट्टा लावला. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. तथापि पहिला पक्ष पैशाच्या हिशेबात चुकतो आणि दुसरा त्या वचनाचे नेमके स्वरूप ध्यानात घेत नाही. हे दोन हिशेब वेगवेगळे मांडल्याखेरीज या प्रकरणाचा निवाडा करता येणार नाही.

तनख्याचे मूळ

ब्रिटिश सत्ता गेली त्या वेळी हिंदुस्थानचा सुमारे दोन पंचमांश भूप्रदेश आणि जवळजवळ एक चतुर्थांश लोकसंख्या साडेपाचशेहून अधिक संस्थानांत विभागलेली होती. हैदराबादसारखे एखाद्या युरोपीय राष्ट्राएवढे राज्य आणि काठेवाडातील चार-दोन गावांची जहागीर या दोहोंना कायद्याच्या भाषेत ‘संस्थान’ असेच म्हणत. आधी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या तीन विषयांपुरते सामीलनामे झाले; नंतर विलीनीकरणाचे करार झाले. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी, तर बडोदे १ मे १९४९ रोजी. हैदराबादच्या बाबतीत सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य पाठवावे लागले. एरवी हे सारे परिवर्तन रक्त न सांडता झाले आणि त्याचे श्रेय वल्लभभाई पटेल व त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांना इतिहासाने यथार्थपणे दिले आहे.

या परिवर्तनाचा मोबदला म्हणजे तनखा. संस्थानिकाने राज्याचा कारभार, खजिना, महसूल आणि सैन्य भारत सरकारच्या स्वाधीन करावयाचे. त्या बदल्यात सरकारने त्याला व त्याच्या वारसाला ठराविक वार्षिक रक्कम द्यावयाची आणि त्याची खासगी मालमत्ता व परंपरागत मानपान मान्य करावयाचे, असे या करारांचे स्वरूप होते. घटनेच्या २९१व्या अनुच्छेदाने या रकमेला हमी दिली. ती भारताच्या संचित निधीतून द्यावयाची होती, म्हणजे दरवर्षी संसदेच्या मतदानावर ती अवलंबून नव्हती, आणि ती सर्व प्रकारच्या प्राप्तिकरातून मुक्त होती. ३६२व्या अनुच्छेदाने संस्थानिकांचे वैयक्तिक हक्क आणि मानमरातब यांचा मान राखण्याचे आश्वासन दिले. १२ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत पटेलांनी या तरतुदींचे समर्थन केले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की संस्थानिकांनी जे सोडले त्याच्या तुलनेत राष्ट्र देत असलेली किंमत अल्प आहे आणि ती नाकारणे हा विश्वासघात ठरेल.

मोबदला ‘अल्प’ होता काय, हे तपासावयाचे तर विलीन झालेल्या संस्थानांकडून सरकारच्या हाती काय आले ते पाहावे लागेल. कोट्यवधी रुपयांच्या शिलकी व गुंतवणुका, हजारो मैलांचे रेल्वेमार्ग, इमारती, जंगले, खाणी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महसूल बसविण्याचा अधिकार ही सारी संपत्ती होती. अर्थात ही संपत्ती मुळात राजाची की रयतेची, हा प्रश्न येथेच उभा राहतो. बहुतेक संस्थानांत ‘खासगी’ आणि ‘सरकारी’ यांमधील रेषा राजाच्या मर्जीनुसार सरकत असे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्या चिमुकल्या संस्थानात लोकसत्ताक घटना देऊन राजसत्ता आपण होऊन मर्यादित केली, हे उदाहरण मराठी माणसाला अभिमानास्पद आहे. परंतु ते उठून दिसते ते इतरत्र तसे घडले नाही म्हणूनच. रयतेकडून वसूल झालेला पैसा रयतेच्या सरकारकडे सोपविण्याबद्दल राजाला मोबदला कशाचा, असा प्रश्न १९४९ सालीही विचारला गेला होता. त्याचे उत्तर न्यायाचे नव्हते, व्यवहाराचे होते. प्रत्येक संस्थानिकाशी झगडत बसण्यापेक्षा त्याला तनखा देऊन मोकळे करणे राष्ट्राला स्वस्त पडणार होते, आणि ते तसे पडलेही.

सूत्र आणि रकमा

तनखे मनाला येईल तसे ठरविले गेले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पूर्वेकडील संस्थानांच्या विलीनीकरणाच्या वेळी एक सूत्र निश्चित झाले होते. संस्थानाच्या सरासरी वार्षिक उत्पन्नातील पहिल्या एक लाखावर शेकडा १५, पुढील चार लाखांवर शेकडा १० आणि पाच लाखांवरील उत्पन्नावर शेकडा साडेसात. एकूण मर्यादा १० लाख. उत्पन्न वाढत जाईल तसा दर घटत जाणारे हे सूत्र प्रगतिशील करपद्धतीच्या तत्त्वाशी मिळतेजुळते होते. मर्यादा ओलांडण्याचा अपवाद अकरा मोठ्या संस्थानांपुरता केला गेला. निजामाला ५० लाख, बडोद्याला साडेसव्वीस लाख, म्हैसूरला २६ लाख, ग्वाल्हेरला २५ लाख, त्रावणकोर व जयपूरला प्रत्येकी १८ लाख, इंदूरला १५ लाख अशा या रकमा होत्या. हा जादा भाग सामान्यतः त्या त्या राजाच्या हयातीपुरताच होता. १९६१ साली जिवाजीराव शिंदे यांचे निधन झाल्यावर ग्वाल्हेरचा तनखा १० लाखांवर आला, तो याच कारणाने.

दुसऱ्या टोकाला सौराष्ट्रातील काटोडियाचे संस्थानिक होते. त्यांचा तनखा वर्षाला १९२ रुपये, म्हणजे महिन्याला १६ रुपये होता. कायद्याच्या दृष्टीने तेही निजामाइतकेच ‘संस्थानिक’ होते! तनख्यांचा विषय निघाला की डोळ्यांपुढे हत्ती, हिरेमाणके आणि विलायती मोटारी उभ्या राहतात. परंतु तनखा घेणाऱ्या पावणेतीनशेच्या आसपास संस्थानिकांपैकी बहुसंख्यांची वार्षिक रक्कम एक लाखाच्या आत होती, हे विसरून चालणार नाही.

तनख्याच्या जोडीला मानमरातब होते आणि जनतेच्या डोळ्यांत खुपत असत ते मुख्यतः हेच. तोफांची सलामी, मोटारीवरील लाल पाटी, राजवाड्यावरील पहारा, आयात मालावरील जकातीची माफी, शस्त्रपरवान्यातून सूट, असे त्यांचे स्वरूप होते. यांहून गंभीर गोष्ट म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८७-ब या कलमान्वये केंद्र सरकारच्या संमतीवाचून संस्थानिकावर दावा लावता येत नसे. ज्या प्रजासत्ताकाने चौदाव्या अनुच्छेदात सर्वांना कायद्यापुढे समान मानले, त्याच प्रजासत्ताकात शे-दोनशे रुपयांच्या उधारीसाठीही व्यापाऱ्याने आधी दिल्लीची परवानगी काढावयाची, ही विसंगती फार काळ टिकणे कठीणच होते. १९६५ साली नवाब उस्मानअली खान विरुद्ध सागरमल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तनखा हे ‘राजकीय निवृत्तिवेतन’ असल्याने सावकाराला त्यावर जप्ती आणता येणार नाही, असा निर्णय दिला. धनको हात चोळीत राहिला.

१९६७ ते १९७१

पहिली पंधरा-सोळा वर्षे तनख्यांना संघटित विरोध असा झाला नाही. १९५४ साली पंतप्रधान नेहरूंनी संस्थानिकांना स्वेच्छेने कपात स्वीकारण्याची सूचना केली होती. तिला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. वारे फिरले ते १९६७ च्या निवडणुकीनंतर. अनेक माजी संस्थानिक स्वतंत्र पक्ष किंवा जनसंघ यांच्या बाजूने रिंगणात उतरले होते. जयपूरच्या गायत्रीदेवी १९६२ पासून लोकसभेत स्वतंत्र पक्षाचा आवाज बनल्या होत्या. मध्य प्रदेशात राजमाता विजयाराजे शिंदे यांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचे काँग्रेस मंत्रिमंडळ उलथून टाकले. सरकारकडून तनखा घ्यावयाचा आणि सरकारच उलथावयाचे, असा अर्थ काँग्रेसजनांनी यातून काढला. तो न्याय्य नव्हता, कारण तनखा हा राजकीय निष्ठेचा मोबदला नव्हता. परंतु राजकारणाची गणिते अशीच मांडली जातात.

जून १९६७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे मोहन धारिया यांनी तनखे व विशेषाधिकार रद्द करण्याची दुरुस्ती मांडली आणि ती संमत झाली. गृहमंत्री या नात्याने संस्थानिकांशी वाटाघाटी करण्याचे काम यशवंतराव चव्हाणांकडे आले. कृष्णाकाठच्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या या नेत्याला तनख्यांबद्दल ममत्व असण्याचे कारण नव्हते. पण हा प्रश्न बोलणी करून सुटावा, अशी त्यांची धडपड होती. वाटाघाटी रेंगाळल्या. संस्थानिकांची संघटना तत्त्व सोडावयास तयार नव्हती आणि १९६९ मध्ये फुटलेल्या काँग्रेसमध्ये पुरोगामित्वाची चढाओढ सुरू झाली होती. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यापाठोपाठ तनख्यांची पाळी आली.

सप्टेंबर १९७० मधील नाट्य सर्वश्रुत आहे. घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत संमत झाले. ५ सप्टेंबर रोजी राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मते पडली. आवश्यक असलेल्या दोनतृतीयांश बहुमतास एकच मत कमी पडले आणि विधेयक कोसळले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने देशातील सर्व संस्थानिकांची मान्यता एका फटक्यात काढून घेण्यात आली. संसदेत जे साधले नाही ते आदेशाने साधण्याचा हा मार्ग होता. यापूर्वी १९५१ साली बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांची मान्यता काढून त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना ती देण्यात आली होती. परंतु एका व्यक्तीच्या जागी दुसरी आणणे वेगळे आणि ती संस्थाच पुसून टाकणे वेगळे. माधवराव शिंदे व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली. १५ डिसेंबर १९७० रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने नऊ विरुद्ध दोन अशा मतांनी आदेश रद्द ठरविला. तनखा ही मालमत्ता आहे आणि घटनेने निर्माण केलेली संस्था सरकारला प्रशासकीय आदेशाने नष्ट करता येणार नाही, असे बहुमताने सांगितले.

पंधरवड्याच्या आत लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. डिसेंबरमध्ये, देशाचे सारे लक्ष बांगला देशाच्या युद्धाकडे लागलेले असताना, सव्विसावी घटनादुरुस्ती संमत झाली. २९१ व ३६२ हे अनुच्छेद वगळण्यात आले आणि नव्या ३६३-अ अनुच्छेदाने तनखे, मान्यता व त्यांतून उद्भवणारी सर्व बंधने संपुष्टात आणली. भरपाईची तरतूद तीत नव्हती. या दुरुस्तीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये रघुनाथराव गणपतराव खटल्यात फेटाळले. अर्जदारांत म्हैसूरच्या राजघराण्याबरोबर कुरुंदवाडच्या धाकट्या पातीचेही प्रतिनिधी होते. तनखे रद्द केल्याने घटनेच्या मूलभूत चौकटीला बाध येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. कायद्याचा वाद तेथे संपला.

पैशाचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. १९५० च्या सुमारास तनख्यांची एकूण रक्कम सुमारे ५ कोटी ८० लाख होती. वारसाहक्काच्या वेळी होणाऱ्या कपातीमुळे १९७० पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लाखांवर आली होती. केंद्र सरकारचा त्या वर्षीचा खर्च लक्षात घेतला तर शंभर रुपयांमागे हा भार दहा-पंधरा पैशांहून अधिक नव्हता. १९७१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ५५ कोटी होती. तनख्यांची सारी रक्कम माणशी वाटली असती तर प्रत्येकाच्या हातावर वर्षाकाठी नऊ पैसेही पडले नसते. ‘गरिबी हटाव’शी या रकमेचा संबंध जोडणे हे अर्थकारण नव्हते.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धा हिशेब मांडणे होईल. तनखा करमुक्त होता. १९७०-७१ मध्ये दोन लाखांवरील वैयक्तिक उत्पन्नावर प्राप्तिकराचा दर अधिभारासह शेकडा साडेत्र्याण्णव होता, म्हणजे वरच्या प्रत्येक रुपयातील साडेसहा पैसेच करदात्याच्या हाती उरत. त्या काळात १० लाख रुपये निव्वळ हातात पडावेत म्हणून एखाद्या उद्योगपतीला एक कोटीहून बरेच अधिक उत्पन्न मिळवावे लागले असते. संपत्तिकराच्या १९५७ च्या कायद्यातही संस्थानिकांच्या राजवाड्याला आणि वंशपरंपरागत जडजवाहिराला सवलती होत्या. तेव्हा सरकारला पडणारा भार लहान असला तरी घेणाऱ्याला होणारा लाभ मोठा होता. एक नागरिक कष्टाने मिळवितो त्यातील साडेत्र्याण्णव पैसे देतो आणि दुसरा जन्माने मिळालेल्या रकमेतील एक पैसाही देत नाही, ही विषमता कोणत्याही करपद्धतीला शोभणारी नव्हती.

हिशेबाची तिसरी बाजू सहसा मांडली जात नाही. तनखे रुपयांत निश्चित झाले होते. महागाईशी त्यांची सांगड नव्हती. १९७० पासून आजवर औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमतींचा निर्देशांक चाळीस पटींहून अधिक वाढला आहे. याचा अर्थ, तनखे चालू राहिले असते आणि एक रुपयाचीही कपात झाली नसती, तरी त्यांचे खरे मोल आज मूळ मोलाच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी उरले असते. १० लाखांचा तनखा घेणारा महाराजा आज एखाद्या मध्यम अधिकाऱ्याच्या पगारावर येऊन ठेपला असता. जे काम घटनादुरुस्तीने एका दिवसात केले, ते चलनवाढीने गाजावाजा न करता पुरे केले असते. संस्थानिकांच्या सल्लागारांना १९४८ साली हे सुचले नाही आणि सरकारला १९७० साली एवढा धीर धरवला नाही.

तनखा बंद झाल्याचा फटका कोणाला बसला, हेही पाहावयास हवे. मोठ्या घराण्यांकडे राजवाडे, जमिनी, शेअर्स आणि जडजवाहीर होतेच. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ सालीच हॉटेल झाला होता. उदेपूरच्या पिछोला सरोवरातील राजवाडा १९६३ मध्ये त्याच मार्गाने गेला. पुढे हा राजस्थानातील एक भरभराटीचा उद्योग बनला. लहान संस्थानिकांना मात्र हा पर्याय नव्हता. त्यांच्या वाड्याला पर्यटक मिळणार नव्हते. आणि तनख्यावर केवळ राजाच नव्हे, तर हुजरे, माहूत, देवळातील पुजारी, विधवा भावजया, दूरच्या नात्यातील मानकरी यांचेही पोट चालत असे. त्यांच्याविषयी ना करारात शब्द होता, ना घटनादुरुस्तीत.

जे गेले नाही

सव्विसाव्या दुरुस्तीने राजेशाहीचे अवशेष नाहीसे झाले असे म्हटले जाते. वस्तुतः तिने गेले ते चालू उत्पन्न आणि सरकारी मान्यता. संचित संपत्ती जशीच्या तशी राहिली. प्राप्तिकर कायद्यानेही एका राजवाड्याच्या वार्षिक मूल्यावरील सूट चालू ठेवली. कोट्याच्या महारावांच्या खटल्यात डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राजवाड्याचा काही भाग भाड्याने दिला असला तरी ही सूट संपूर्ण राजवाड्याला लागू होते. निजामाचे जडजवाहीर १९९५ मध्ये भारत सरकारने २१८ कोटी रुपये देऊन विकत घेतले. म्हणजे १९७० मधील तनख्यांचा सारा बोजा जेवढा होता, त्याच्या चाळीस-पंचेचाळीस पट रक्कम, रुपयाचे मोल घटलेले असले तरी, एकाच घराण्याच्या दागिन्यांपोटी सरकारी तिजोरीतून गेली. १९४८ साली लंडनच्या बँकेत पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या नावे वळविलेल्या सुमारे १० लाख पौंडांचा वाद तर २०१९ पर्यंत चालला. तोवर ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. निकाल भारत सरकार व निजामाचे वारस यांच्या बाजूने लागला.

मानमरातबाचेही तसेच. तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराचे व्यवस्थापन त्रावणकोरच्या घराण्याकडे राहू शकते काय, हा प्रश्न सव्विसाव्या दुरुस्तीच्या अर्थाशीच येऊन भिडला. ‘संस्थानिक’च उरला नाही तर मंदिरावरील त्याचा हक्क कसा उरेल, असा विचार २०११ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने केला. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सेवेकरी म्हणून असलेला परंपरागत हक्क हा राजेपणाच्या सरकारी मान्यतेवर अवलंबून नाही, असे त्याने ठरविले. शिवाय सर्व वंशपरंपरागत भत्ते १९७१ मध्ये संपले असेही नाही. अर्काटच्या नवाबाच्या घराण्याला मिळणारे राजकीय निवृत्तिवेतन या दुरुस्तीच्या कक्षेबाहेर राहिले, कारण ते ‘संस्थानिका’चे नव्हते. लखनौमध्ये अवधच्या नवाबांच्या वंशजांना वसिका म्हणून काही रुपयांच्या रकमा मिळत आल्या आहेत. २०१३ मध्ये केरळ सरकारने कोळिकोडच्या सामुतिरी घराण्यातील व्यक्तींना मासिक निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय घेतला. समतेचे तत्त्व जर निरपवाद होते, तर हे अपवाद कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

आणि ज्या लाल पाटीचा जनतेला राग होता, तिच्या जागी लाल दिवा आला. मंत्री, अधिकारी, महामंडळांचे अध्यक्ष यांच्या मोटारींवरून तो उतरावयास १ मे २०१७ उजाडावे लागले. संस्थानिकांचे विशेषाधिकार नाहीसे झाले असे म्हणण्यापेक्षा त्यांची मालकी बदलली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

शब्दाचा हिशेब

दिलेला तनखा बंद होण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नव्हता. १८१८ मध्ये शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कंपनी सरकारने वार्षिक ८ लाखांचा तनखा दिला आणि तो बिठूरला जाऊन राहिला. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला. तनखा वैयक्तिक होता असे सांगून तो दत्तक पुत्र नानासाहेबास नाकारण्यात आला. पुढे १८५७ मध्ये नानासाहेब उठावाच्या अग्रभागी होते. पेशव्यांच्या कारभाराविषयी कोणाचे काहीही मत असो; करार करताना मोघम राहावयाचे आणि गरज सरल्यावर आपल्या सोयीचा अर्थ लावावयाचा, ही कंपनीची नीती इतिहासाने निंद्यच ठरविली आहे.

प्रजासत्ताकाने त्याच मापाने मोजले जावे काय? येथे एक भेद करावा लागेल. राष्ट्राने दिलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालावा, असा आग्रह धरता येत नाही. एका पिढीने पुढील सर्व पिढ्यांना जन्माधारित विषमतेला बांधून टाकावे, हे लोकशाहीच्या तत्त्वाशी विसंगत आहे. त्या दृष्टीने तनखे कधी ना कधी संपवायलाच हवे होते आणि ते संपविण्याचा अधिकार संसदेला होता. प्रश्न उरतो तो रीतीचा. ज्या राजांनी स्वतः करारावर सही करून राज्य सोडले, त्यांना हयातीपर्यंत तनखा देऊन वारसांचा हक्क बंद करता आला असता. १९७१ पर्यंत सह्या करणाऱ्यांपैकी कित्येक निवर्तले होते. ही सवलत काही वर्षांत आपोआप संपली असती. बाजीरावाच्या प्रकरणाशी याचे साम्य वरवरचे आहे, कारण येथे वारसांना आगाऊ आणि उघडपणे सूचना मिळाली असती. दुसरा मार्ग रोख्यांचा होता. जमीनदारी नष्ट करताना अनेक राज्यांनी रोख्यांच्या रूपाने भरपाई दिली होती. दहा वर्षांच्या तनख्याइतके, म्हणजे सुमारे ४८ कोटींचे रोखे पाच टक्क्यांनी दिले असते, तर वार्षिक व्याजाचा भार २ कोटी ४० लाख, म्हणजे चालू खर्चाच्या निम्माच पडला असता आणि मुदत संपताच प्रश्न मिटला असता. पैसा वाचला असता आणि शब्दही राहिला असता. हा मार्ग निघाला नाही याचा दोष एकट्या सरकारचा नाही. बदलत्या काळाची पावले न ओळखता अखेरपर्यंत तत्त्वाला चिकटून बसलेल्या संस्थानिकांनीही तो बंद केला.

हा शब्दाचा प्रश्न राजवाड्यांपुरता असता तर तो विसरून जाण्यास हरकत नव्हती. परंतु सरकार शब्द देते ते केवळ राजांना नव्हे. ते निवृत्त शिक्षकाला देते, कर्जरोखे घेणाऱ्या ठेवीदाराला देते, धरणासाठी गाव सोडणाऱ्या शेतकऱ्याला देते. तनखा ही मालमत्ता आहे, हे जे सूत्र डिसेंबर १९७० मध्ये महाराजांच्या बाजूने मान्य झाले, त्याच जातीचे सूत्र १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात एका सामान्य सरकारी नोकराच्या उपयोगी पडले. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून नोकराची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९८२ च्या नाकरा खटल्यात या तत्त्वाला अधिक बळ आले. पुढे सरकारला निवृत्तिवेतनाची पद्धत बदलावीशी वाटली तेव्हा केंद्राने ती १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागणाऱ्यांपुरतीच बदलली. त्या बदलाच्या गुणदोषांवर वाद आहे आणि मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी त्यासाठी संपही केला. पण आधी दिलेला शब्द कायम ठेवून नियम बदलावयाचा, ही रीत त्या बाबतीत पाळली गेली. जी रीत कारकुनाच्या बाबतीत सुचली, ती काटोडियाच्या १६ रुपयांच्या संस्थानिकाच्या बाबतीतही सुचावयास हरकत नव्हती.

याउलट ज्यांच्यापाशी ना पालखीवाला आहे, ना राज्यसभेतील मते, त्यांच्या शब्दाचे काय होते हे पाहावयाचे असेल तर कोयनेच्या धरणग्रस्तांकडे पाहावे. १९६०च्या दशकात त्यांनी गावे सोडली, त्यांच्या पाण्यावरील विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि त्यांच्या वारसांपैकी कित्येकांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी अर्धशतकानंतरही धरणे धरावे लागले. राज्य सोडणाऱ्याला निदान वीस-बावीस वर्षे मोबदला मिळाला. राहते घर सोडणाऱ्याचा मोबदला कागदावरच राहिला. तनखे रद्द केल्याबद्दल संसदेला दोष देणारांनी आणि त्याचा अभिमान बाळगणारांनीही ही तुलना एकदा करून पाहावी.

समतेसाठी विशेषाधिकार नष्ट करणे हा प्रजासत्ताकाचा धर्मच आहे. त्याबाबत १९७१ चा निर्णय योग्य होता आणि तो फिरविण्याची मागणी आज कोणी शहाणा माणूस करणार नाही. मात्र देणे नाकारताना सरकारने आधी त्याचा हिशेब करावा, पर्याय धुंडाळावेत, आणि बदल पुढच्यांसाठी करावा, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. तो महाराजांच्या कामी आला नाही. निवृत्तिवेतनधारक, ठेवीदार आणि धरणग्रस्त यांच्या कामी तो यावयाचा असेल तर त्याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.